पॉइंटवर खोली: फुकट किती आणि खिशातून किती

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा. तुम्ही नांदेडचे, कंपनीच्या कामानं हैदराबाद-पुण्याच्या वाऱ्या करता. एकाच साखळीच्या हॉटेलांत उतरून उतरून २२,५०० पॉइंट जमलेत आणि ते ३१ जानेवारीला संपतायत. बँकेच्या कार्डावर आणखी १८,००० आहेत. नाताळच्या सुट्टीत आई-वडील, मिसेस आणि दोन लेकरं, एक तेरा वर्षांचं आणि एक सात, अशा सहा जणांना घेऊन छत्रपती संभाजीनगरला दोन रात्री राहायचं, वेरूळ-अजिंठा दाखवायचं. आणि शेवटचं वाक्य असं: ‘एकूण चाळीस हजार पॉइंट आहेत, म्हणजे राहणं फुकटात होईल ना?’

अर्धं होईल, तेही तारीख बदललीत तर चांगलं होईल. मी मूळचा मानवतचा. सतरा वर्षं हॉटेलच्या फ्रंट ऑफिसात काढली, त्यातली अकरा संभाजीनगरात. पॉइंटवर आलेली माणसं काउंटरच्या आतल्या बाजूनं पाहिली आहेत आणि आता स्वतःच्या घरच्यांना घेऊन बाहेरच्या बाजूनंही उभा राहतो.

आधी ते चाळीस हजार मोडून काढू. हॉटेलचे पॉइंट आणि बँकेचे पॉइंट यांची बेरीज म्हणजे पोत्यांत किलो मिळवण्यासारखं आहे. बँकांचे साधे कार्ड पॉइंट बऱ्याचदा चाराला एक रुपया या हिशोबानं जातात. एसबीआय कार्डाच्या बहुतेक कार्डांवर हाच दर आहे. तुमच्या कार्डाचा दर हाच असेल तर १८,००० म्हणजे ४,५०० रुपये. आकडा मोठा दिसतो, रक्कम तेवढी नाही. काही महागड्या कार्डांवरून बँकेचे पॉइंट हॉटेलच्या खात्यात वळवता येतात, पण एकदा गेलेले परत येत नाहीत आणि पोचायला काही दिवस लागू शकतात. माझं मत, वळवू नका. त्यांचा उपयोग कुठं करायचा ते पुढं सांगतो.

हॉटेलच्या पॉइंटांच्याही दोन जाती असतात. एका जातीत पॉइंट म्हणजे जवळपास रुपयाच. आयटीसीचा एक ग्रीन पॉइंट एक रुपयाचा. ताजवाल्या इंडियन हॉटेल्सकडं (जिंजरही त्यांचंच) टाटांचे न्यूकॉइन, म्हणजे त्यांच्या समूहाचे पॉइंट, चालतात, तेही एकाला एक रुपया. अकोरमध्ये, म्हणजे पुण्या-हैदराबादच्या आयबिसवाल्यांकडं, २,००० पॉइंटला ४० युरो बिलातून कमी होतात. इथं तारीख कुठलीही असो, पॉइंटची किंमत तीच. दुसऱ्या जातीत रात्रीला किती पॉइंट लागतील ते मागणीप्रमाणं वरखाली होतं. मॅरियट, हिल्टन, आयएचजी या घराण्यांत असं चालतं. मॅरियटनं तर २०२२ मध्ये ठरावीक पॉइंटांचा तक्ताच काढून टाकला. तुम्ही साखळीचं नाव लिहिलेलं नाही, पण ॲपमध्ये वेगवेगळ्या तारखांना वेगळे आकडे दिसतात असं म्हणता, म्हणजे तुमची जात दुसरी.

आता तुम्हीच दिलेले आकडे घेतो. २७-२८ डिसेंबरला एका खोलीला रात्रीचे ११,००० पॉइंट किंवा ६,४०० रुपये. जानेवारीतल्या साध्या रविवार-सोमवारी ८,००० पॉइंट किंवा ३,२०० रुपये. रोख दरावर जीएसटी धरायचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला तो ५ टक्के आहे, आधी १२ होता. ७,५०० च्या वर गेलं की १८. म्हणजे डिसेंबरची खोली ६,७२० रुपयांना आणि जानेवारीची ३,३६० ला पडते. भागाकार करा. डिसेंबरात एका पॉइंटला ६१ पैसे मिळतात, जानेवारीत ४२.

इंटरनेटवर या विषयावर लिहिणारे बहुतेक लोक इथंच थांबतात आणि सांगतात, ६१ मिळतायत, डिसेंबरात उडवा. एकटा माणूस असेल, एक खोली लागणार असेल, तर मीही तेच सांगेन. महागड्या रात्री पॉइंट आणि स्वस्त रात्री पैसे, हा नियम खरा आहे. पण तुम्ही सहा जण. एका खोलीत सहा माणसं कुठलंही साखळीचं हॉटेल घेणार नाही. दोन खोल्या लागणार. २२,५०० पॉइंटात डिसेंबरच्या दोन रात्री एका खोलीच्या निघतात, २२,००० गेले, खेळ खलास. दुसरी खोली रोखीनं, दोन रात्रींचे १३,४४० रुपये. तेच जानेवारीत केलंत तर पहिली खोली १६,००० पॉइंटात आणि दुसरी ६,७२० रुपयांत. वर साडेसहा हजार पॉइंट शिल्लक.

म्हणजे पॉइंटला भाव जास्त मिळाला डिसेंबरात आणि खिशातून पैसेही ६,७२० जास्त गेले डिसेंबरातच. पॉइंटचा भाव ही एक गोष्ट आणि घरातून बाहेर जाणारा पैसा ही दुसरी. माणूस पहिलीकडं बघत बसतो, कारण ती ॲपवर दिसते. दुसरी वहीवर मांडावी लागते. माझ्या आयुष्यात मी पॉइंटचे भाव काढण्यात बराच वेळ घालवलाय, त्यामुळं हे बोलायचा मला थोडा अधिकार आहे.

अर्थात लेकरांच्या शाळेवर अवलंबून आहे. इंग्रजी शाळेला नाताळची आठवडाभर सुट्टी आहे असं तुम्ही लिहिलंय, जानेवारीत दोन दिवस बुडवावे लागतील. तेरा वर्षांच्याची परीक्षा जवळ असेल तर माझं गणित बाजूला ठेवा. पण दोन दिवस बुडवणं जमत असेल तर रविवार-सोमवारच्या रात्री निवडण्याला आणखी एक कारण आहे. वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी. रविवारी दुपारी पोचायचं, सोमवारी वेरूळ, घृष्णेश्वर आणि वाटेत देवगिरी, मंगळवारी अजिंठा. उलटा क्रम लावलात तर दोन्हीकडं दारात उभे राहाल. अशी माणसं मी काउंटरवर पाहिलीत, सोमवारी सकाळी अजिंठ्याला निघालेली आणि दुपारी तोंड पाडून परत आलेली. नाताळच्या आठवड्यात वारांचा हा मेळ बसतोच असं नाही.

रविवारची रात्र स्वस्त का, तेही सांगतो, म्हणजे पुढंही कामाला येईल. संभाजीनगरच्या हॉटेलांना दोन प्रकारचं गिऱ्हाईक. शुक्रवार-शनिवार लेणी बघणारे, सोमवार ते गुरुवार वाळूज-शेंद्रा-चिकलठाण्याच्या कंपन्यांत येणारे. लेणीवाले रविवारी दुपारी खोली सोडतात आणि कंपनीवाले सोमवारी यायला लागतात. मधली रात्र मोकळी. नाइट ऑडिटला, म्हणजे रात्री दिवसभराचा हिशोब मिटवायला, बसलो की रविवारचं पान सगळ्यात लवकर संपायचं. लग्नाची तिथी आली तर हे सगळं उलटंपालटं होतं, म्हणून बुकिंगच्या आधी पंचांगावर एक नजर टाकाच. २६ जानेवारीला जोडून आलेली सुट्टीही टाळा.

आता पॉइंटच्या खोलीत काय येतं आणि काय येत नाही. इथंच जास्त माणसं फसतात.

एक प्रसंग सांगतो. अंबाजोगाईकडचं एक कुटुंब, दोन खोल्या, एक रोखीची आणि एक पॉइंटवरची, दोन रात्री. मुलगा इन्शुरन्समध्ये होता, पॉइंट त्याचे. सकाळी सगळे रेस्टॉरंटमध्ये बसले, इडली, ऑम्लेट, ज्यूस. आजीनं मात्र फडक्यातून दशमी आणि शेंगदाण्याची चटणी काढली आणि फक्त चहा घेतला. निघताना मी बिल पुढं केलं. पॉइंटच्या खोलीत नाश्ता धरलेला नव्हता. त्या खोलीतल्या चौघांचा नाश्ता, माणशी ३५०, दोन दिवस, २,८००. जादा गादी रात्रीला ९००, दोन रात्री, १,८००. कर सोडून एकूण ४,६००. मुलगा बिलाकडं बघत राहिला. मागून आजी म्हणाली, ‘फुकट म्हणला होता ना रे तू?’ आणि मग माझ्याकडं वळून, ‘मी तं दशमीच खाल्ली, माझी पलेट कमी करा.’ केली. दोन्ही दिवसांची केली. पण बाकीचं बिल खरं होतं आणि त्या मुलाला ते आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. सांगायला हवं होतं म्हणजे मीच सांगायला हवं होतं, चेक-इनच्या वेळी. त्यानंतर मी पॉइंटवरच्या प्रत्येक पाहुण्याला पहिल्याच मिनिटाला सांगायला लागलो.

तर तुमच्यासाठी: बुकिंग पक्कं करायच्या आधी त्या पानावर खाली जाऊन बघा, नाश्ता आहे का, किती माणसांचा, लेकराला वेगळे पैसे पडतात का. सात वर्षांचं लेकरू आई-बापाच्या पलंगावर झोपलं तर बऱ्याच ठिकाणी काही घेत नाहीत, तेराव्या वर्षाला बहुतेक ठिकाणी जादा गादी लावतात. आणि कर. काही योजनांत पॉइंटांतच कर धरलेला असतो, काहींत काउंटरवर वेगळा मागतात. नाश्ता धरलेला नसेल तर हॉटेलात करूच नका. कॅनॉट प्लेसला किंवा गुलमंडीवर जा, सहा जणांचा नाश्ता हॉटेलातल्या दोघांच्या पैशांत होईल आणि चवीला बरा होईल.

खोलीचा वर्ग हा दुसरा घोळ. पॉइंटवर मिळते ती बहुतेक ठिकाणी सगळ्यात खालच्या वर्गाची खोली. ॲपवरचा फोटो मोठ्या खिडकीचा असतो, तुम्हाला मिळणारी खोली मागच्या गल्लीकडं तोंड करून असू शकते. ती वाईट नसते, तीच खोली दुसऱ्याला पैशांत विकलेली असते. मात्र अशा किती खोल्या पॉइंटसाठी सोडायच्या यावर मर्यादा असू शकते. म्हणून कधी कधी पैशांत खोली दिसते आणि पॉइंटवर ‘उपलब्ध नाही’ येतं. दोनचार दिवसांनी परत बघा, रद्द झालेल्या खोल्या परत येतात.

बऱ्याच जणांना पॉइंटवर राहताना संकोच वाटतो, जणू आपण कुणाच्या उपकारावर उतरलोय. तसं नाही. तुम्ही पॉइंट भरता तेव्हा साखळीची मुख्य कचेरी त्या रात्रीचे पैसे हॉटेलला देते. मोठ्या साखळ्यांत साधारण रीत अशी की हॉटेल रिकामं असलं की ही रक्कम कमी आणि जवळजवळ भरलेलं असलं की नेहमीच्या दराच्या आसपास. म्हणजे भरल्या रात्री हॉटेलचं फारसं नुकसान नाही आणि रिकाम्या रात्री खोली तशीही पडूनच राहिली असती. तेव्हा गरम पाणी नसेल, चादर ओली असेल तर पैसे भरणाऱ्यासारखाच फोन उचला.

नावाचा मुद्दा तुमच्या बाबतीत येऊ शकतो. पॉइंट तुमच्या नावावर आहेत, म्हणून पॉइंटवरची खोली तुमच्या नावावर आणि चेक-इनला तुम्ही हजर, असंच ठेवा. माझ्याकडं एकदा मेहुण्याच्या पॉइंटवर रात्री अकराला एक कुटुंब आलं. मेहुणा नागपुरात, फोन बंद. सभासदाशिवाय खोली देऊ नये असा तिथला नियम. शेवटी रोखीच्या दरात दिली, कारण रात्री अकराला म्हाताऱ्या माणसांना कुठं पाठवणार. तुम्ही सोबत असाल तर ही अडचण नाही. सगळ्या मोठ्या माणसांची ओळखपत्रं मात्र जवळ ठेवा, वडिलांचं आधार घरी राहिलं तर पहिला अर्धा तास त्यातच जाईल.

दुसरी खोली, जी रोखीनं घेणार आहात, तीही हॉटेलच्याच ॲपवरून आणि तुमच्याच सभासद क्रमांकावर घ्या. बाहेरच्या बुकिंग साइटवर शे-दोनशे रुपये कमी दिसतील, पण तिथून घेतलेल्या खोलीवर साखळ्या सहसा पॉइंट देत नाहीत. आणि तुमच्या बाबतीत पॉइंटपेक्षा मोठी गोष्ट आहे, ती संपण्याची तारीख. काही योजनांत ठरावीक काळ खात्यात काहीच हालचाल नसेल तरच पॉइंट संपतात. मॅरियटमध्ये तो काळ २४ महिने आहे, आयएचजीच्या साध्या सभासदाला १२. अशी योजना असेल तर रोखीच्या खोलीचे चार पॉइंट जमा झाले की उरलेल्या साडेसहा हजारांची तारीख आपोआप पुढं सरकते. काही योजनांत एका सभासदाला तीन खोल्यांपर्यंतचे पॉइंट मिळतात, अट एवढीच की तो स्वतः त्यातल्या एका खोलीत राहिलेला असावा आणि पैसे त्यानं भरलेले असावेत. तुमची योजना ‘मिळाल्यापासून अमुक महिन्यांत संपले’ अशी असेल तर ही युक्ती चालणार नाही. ॲपमध्ये सभासदत्वाच्या पानावर दोन ओळींत लिहिलेलं असतं, वाचून घ्या.

आणि ३१ जानेवारीच्या इतक्या जवळ बुकिंग करताना रद्द करण्याचा नियम बघा. मुदतीच्या आत रद्द केलं तर पॉइंट सहसा परत येतात, पण परत येईपर्यंत त्यांची तारीख उलटली तर काही योजनांत ते आले तसे जातात. म्हणून जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा धरा, शेवटचा नको.

‘थोडे पॉइंट, थोडे पैसे’ असा एक पर्याय ॲपवर दिसेल. शिल्लक साडेसहा हजारांत तिसरी खोली-रात्र बसवायचा मोह होईल. भागाकार पुन्हा करा. अशा मिश्र पर्यायात कमी पडणारे पॉइंट तुम्ही साखळीकडून विकत घेतल्यासारखेच असतात आणि तो दर बहुतेक वेळा चढा असतो. ८,००० ला १,५०० कमी पडतायत. तेवढ्यासाठी ६३० रुपयांपेक्षा जास्त मागत असतील तर नको म्हणा, कारण ४२ पैशांनी तेवढेच होतात.

बँकेच्या १८,००० पॉइंटांचं काय? ते बिलातून रुपये वळते करायला किंवा साध्या व्हाउचरला वापरा. चार-साडेचार हजार म्हणजे अजिंठ्याची गाडी निघाली म्हणा. शहरापासून ते शंभरएक किलोमीटर आहे, वेरूळ तीसेक. ‘तुमचे पॉइंट आज रात्री संपतायत, ही फाइल उघडा’ असा मेसेज आलाय असं तुम्ही शेवटी सहज लिहिलंय, ते मात्र सहज घेऊ नका. तो बँकेचा नाही. बँक पॉइंटसाठी व्हॉट्सॲपवर ॲपची फाइल पाठवत नाही. सेलूच्या माझ्या मामांनी अशीच एक फाइल उघडली होती आणि कापसाचे आलेले पैसे दुपारपर्यंत गेले. उघडली असेल तर आत्ताच फोनचं इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार नोंदवा. बाकीचं सगळं नंतर.

कंपनीच्या दौऱ्यातले पॉइंट घरच्यांसाठी वापरणं चालतं का, असंही तुम्ही विचारलंय. खाजगी कंपन्या सहसा काही म्हणत नाहीत, पण तुमच्या अकाउंट्सच्या माणसाला एकदा विचारून ठेवा. विचारल्यानं कुणाचं काही जात नाही.

पुढच्या गोष्टी भराभर. ॲपमध्ये शहर शोधताना ‘औरंगाबाद’ आणि ‘छत्रपती संभाजीनगर’ दोन्ही टाका. कुठं जुनं नाव आहे, कुठं नवं, आणि एका नावाखाली न दिसणारं हॉटेल दुसऱ्याखाली सापडतं. नांदेडहून सकाळची तपोवन एक्सप्रेस धरलीत तर दुपारी पोचता, चेक-इनची वेळही साधारण तीच. मंगळवारी अजिंठ्याला निघताना सकाळीच खोल्या सोडा आणि सामान हॉटेलातच ठेवा. त्याचे पैसे सहसा घेत नाहीत, फक्त पावती घ्या. अजिंठ्याला फर्दापूर टी-पॉइंटला तुमची गाडी थांबते, पुढं तिथल्या बसनं जायचं. वर चढ आहे, वडिलांचे गुडघे दुखत असतील तर डोलीवाले मिळतात, भाव आधी ठरवा. जानेवारीत वाटेवर हुरडा दिसला तर थांबा, त्याला पॉइंट चालत नाहीत.

आणि बुकिंग झालं की ॲपवर विसंबून राहू नका, थेट हॉटेलला एक फोन करा. साखळीच्या कॉल सेंटरला नाही, हॉटेलच्या रिसेप्शनला. दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान करा. सकाळी चेक-आउटची गर्दी असते, सहानंतर चेक-इनची, त्या वेळी कुणी नीट ऐकत नाही. दोन खोल्या शेजारी-शेजारी मागा. आई-वडिलांच्या खोलीत एक मोठा पलंग नको, दोन वेगळे पलंग सांगा. रात्री उठताना एकमेकांची झोप मोडत नाही, आणि तुमचा तेरा वर्षांचा तिथंच गादीवर मावतो. बाथरूमला बाथटब आहे की साधा शॉवर तेही विचारा. टबाचा काठ ओलांडताना घसरलेली आजी मी बघितलेली आहे. नोंद घेणाऱ्याचं नाव विचारून कागदावर लिहून ठेवा आणि काउंटरवर पोचल्यावर ते नाव घेऊन बोला.